अडीचशे रुपयांची तब्येत

महाराष्ट्राच्या पोलीस दलात एक छोटासा भत्ता आहे. तिशी ओलांडलेल्या पोलिसाने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २५ च्या आत असल्याचे दाखवावे आणि दरमहा २५० रुपये तंदुरुस्ती भत्ता घ्यावा. दिवसाचा हिशेब केला तर ही रक्कम साडेआठ रुपयांच्याही खाली जाते. बंदोबस्तात तासन् तास उभा राहणारा, मिळेल तेव्हा मिळेल ते खाणारा, सणासुदीला हमखास घराबाहेर असणारा माणूस या साडेआठ रुपयांसाठी पोट कमी करील का? आणि ज्याचे पोट मुळातच सुटलेले नाही, त्याला हे पैसे नेमके कशाबद्दल मिळतात?

कर्मचाऱ्यांनी चांगल्या सवयी लावून घ्याव्यात म्हणून त्यांना काही द्यावे, या कल्पनेचे सगळे बरेवाईट या दोन प्रश्नांत सामावलेले आहे. आज ही कल्पना जोरात आहे. मोठ्या कंपन्या पावले मोजणारी घड्याळे वाटतात, चालण्याच्या स्पर्धा भरवतात, सिगारेट सोडणाऱ्याला रोख रक्कम देतात. आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून आरोग्य विमा कंपन्यांना असे लाभ देण्याची चौकट आखून दिली. त्यामुळे व्यायाम करणाऱ्या विमाधारकाला गुण किंवा हप्त्यात सवलत मिळू शकते.

मी सावंगी (मेघे) येथे राहतो. माझी बरीच वर्षे आस्थापना विभागात, म्हणजे हजेरीपट, रजेचे अर्ज आणि वैद्यकीय बिले यांच्या सहवासात गेली. वर्ध्याला लागून असलेले आमचे हे गाव आता रुग्णालयाच्या नावाने ओळखले जाते. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि त्याभोवती वाढलेली महाविद्यालये यांमुळे इथे तिन्ही पाळ्यांत माणसे कामावर असतात. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ दिसतात. पण त्याहून मोठा आहे तो परिचर, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, स्वयंपाकी, वाहनचालक यांचा वर्ग. दुसऱ्याच्या आरोग्यासाठी राबणाऱ्या या माणसांचे स्वतःचे आरोग्य कसे सुधारावे, हा प्रश्न इथे राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

साम, दाम, दंड

माणसाला वळण लावण्याचे आपल्याकडचे जुने उपाय म्हणजे साम, दाम, दंड, भेद. यांतले निदान दोन वर्धा जिल्ह्याने आरोग्याच्या बाबतीत पुरेपूर पाहिले आहेत. साम पाहिला तो सेवाग्रामात. १९३६ पासून गांधीजी तिथे राहू लागले आणि आहार, स्वच्छता, श्रम, चालणे यांचा एक दिनक्रमच आश्रमात रुजला. पुढे १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी 'आरोग्याची गुरुकिल्ली' लिहिली. तिचा सूर समजुतीचा आहे.

दंडही पाहिला. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. २०१२ मध्ये राज्यभर गुटख्यावर बंदी आली. तरीही विदर्भात कोणत्याही रुग्णालयाच्या, कचेरीच्या, महाविद्यालयाच्या फाटकापासून थोडे चालत गेले की खर्रा घोटणारा दिसतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घासायचे, पुडी बांधायची, की झाला खर्रा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यातही धूर काढणारे थोडे. चघळणारे, मशेरी लावणारे, म्हणजे धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. यातली नुसती सुपारीसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला कर्करोगकारक ठरवले. खर्रा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, तिखट सोसत नाही, आणि काहींच्या बाबतीत प्रकरण कर्करोगापर्यंत जाते.

समजूत घालून झाली, बंदी घालून झाली. मग 'दाम' वापरून पाहायला काय हरकत आहे? काहीच नाही. फक्त दाम कुठे चालतो आणि कुठे वाया जातो, हे आधी नीट पाहायला हवे.

नागपुरातील घड्याळे आणि मुंबईतला बोनस

कामगारांना बक्षीस देऊन वळण लावण्याचा आपल्या भागातला एक जुना प्रयोग इथून जवळच, नागपुरात झाला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या माणसांना भोंग्याच्या शिस्तीची सवय नव्हती. पेरणी, लग्न, जत्रा, आजारपण, कोणत्याही निमित्ताने मंडळी घरी राहत आणि साचे रिकामे पडत. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दंडाऐवजी बक्षिसाचा मार्ग धरला. बक्षीस समारंभ भरवून चांगल्या कामगारांना घड्याळे, कडी, कापड देण्याची प्रथा पाडली.

पण मिलने तेवढ्यावर भागवले नाही. गिरणीतली हवा खेळती आणि दमट राहावी यासाठी यंत्रणा बसवली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला. १८९५ पासून अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई देण्यास सुरुवात केली. माणूस कामावर का येत नाही, या प्रश्नाची अनेक उत्तरे आहेत आणि त्यातल्या एकाच उत्तरावर घड्याळ हा उपाय आहे, हे त्या व्यवस्थापनाला उमगलेले दिसते. कोंदट हवेने आजारी पडणाऱ्याला घड्याळाचे आमिष दाखवून काय उपयोग?

दुसरा धडा मुंबईच्या गिरण्यांनी दिला. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली तेव्हा, १९१७ मध्ये, गिरणीमालकांनी पगाराच्या दहा टक्के बोनस दिला. पुढच्या वर्षी तो पंधरा टक्के झाला. मालकांच्या लेखी ती खुशी होती. वर्षामागून वर्षे मिळत गेल्यावर कामगारांच्या लेखी तो पगारच झाला. १९२३ मध्ये मालकांनी बोनस बंद करण्याचे जाहीर केले आणि १९२४ च्या आरंभी मुंबईत मोठा संप झाला. ज्या दिवाळी बोनसवर आज घराघरांत फराळाचा हिशेब होतो, त्याचा १९६५ चा कायदाही याच प्रवासाचा पुढचा टप्पा आहे. त्यातली किमान ८.३३ टक्क्यांची तरतूद आज कुणालाच बक्षीस वाटत नाही.

माझ्या मते बोनसचे हक्कात रूपांतर झाले हे योग्यच झाले. पण आरोग्याचे बक्षीस ठरवणाऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नियमित दिलेले बक्षीस काही काळाने पगारात विरघळते आणि त्याची ओढ संपते. मग ते काढून घेतले, तर सवय राहत नाहीच. वर नाराजी मात्र उरते.

डाळीचा किलो आणि तंबाखूची पुडी

मग दाम चालतो कुठे? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातून आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर तेथील खेड्यांत बालकांच्या लसीकरणाचा प्रयोग केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे काहीच वेगळे केले नाही, त्या गावांत सर्व लसी पूर्ण झालेली मुले ६ टक्के होती. जिथे ठरल्या दिवशी हमखास शिबिर भरले, तिथे ती १८ टक्के झाली. आणि जिथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीला एक किलो डाळ व सर्व लसी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला, तिथे ३९ टक्के झाली. डाळीचा खर्च धरूनही दर मुलामागचा खर्च निम्म्यावर आला. कारण परिचारिका दिवसभर बसूनच असायची, आता तिच्यापुढे रांग लागली.

त्या आयांचा लसीला विरोध नव्हता. आजची मजुरी बुडते, म्हणून त्या ते काम उद्यावर ढकलत. डाळीने त्यांना आजच येण्याचे कारण दिले. शिवाय लस ही मोजक्या वेळा करायची गोष्ट आहे. खर्रा सोडणे तसे नाही. तो रोज सोडावा लागतो, आणि दिवसातून अनेकदा सोडावा लागतो.

सवयींबाबतचा पुरावा अधिक संमिश्र आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ८७८ धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त माहिती दिली. दुसऱ्याला माहितीबरोबरच टप्प्याटप्प्याने एकूण ७५० डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. साधारण वर्षभराने पैसे मिळणाऱ्यांपैकी १४.७ टक्के आणि न मिळणाऱ्यांपैकी ५ टक्के सिगारेटपासून दूर होते. पैसे थांबल्यानंतर पुन्हा पाहिले तेव्हा हे आकडे ९.४ आणि ३.६ वर आले होते. म्हणजे पैशाचा उपयोग झाला, काहींच्या बाबतीत टिकलाही. पण शेवटी पैसे मिळणाऱ्यांतलेही १०० पैकी ९० जण सिगारेटपाशीच किंवा तिच्या आसपास राहिले.

पैसे कसे द्यावेत यानेही फरक पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २८१ कर्मचाऱ्यांना रोज ७००० पावले चालण्याचे उद्दिष्ट दिले. काहीच न मिळणाऱ्या गटाने ३० टक्के दिवशी ते गाठले. रोजचे बक्षीस मिळणाऱ्यांनी ३५ टक्के दिवशी. सोडतीत भाग घेणाऱ्यांनी ३६ टक्के. पण ज्यांच्या नावावर महिन्याची रक्कम आधीच जमा केली आणि चुकलेल्या प्रत्येक दिवशी त्यातून वजा केली, त्यांनी ४५ टक्के दिवशी. रक्कम सर्वांना सारखीच होती. हातचे जाण्याचे दुःख मिळण्याच्या आनंदाहून मोठे, एवढेच याचे मर्म. भिशीचा हप्ता चुकू नये म्हणून जीव टाकणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. मात्र स्वतःच्या खिशातली रक्कम अनामत ठेवायची म्हटले की लोक मागे सरतात. धूम्रपान सोडण्याच्या दुसऱ्या एका अमेरिकी प्रयोगात निव्वळ बक्षिसाची योजना ९० टक्क्यांनी पत्करली, अनामतीची जेमतेम १४ टक्क्यांनी.

आपल्या देशातला पुरावाही आहे. कोइमतूर येथे मधुमेह असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या लोकांना रोज १०,००० पावले चालण्यासाठी मोबाइल रिचार्जच्या रूपाने छोटी रक्कम दिली, तर त्यांचे चालणे दिवसाला सरासरी १३०० पावलांनी वाढले. चेन्नईत २२९ सायकलरिक्षावाल्यांवर झालेल्या प्रयोगात दिवसा न पिण्यासाठी पैसे दिले. त्यांची मजुरी वाढली नाही, पण बचत निम्म्याने वाढली. तेव्हा गरीब माणूस बक्षिसाला प्रतिसाद देत नाही, असे कुणी म्हणू नये. छोटी रक्कम, लगेच हातात आणि प्रयत्नाला जोडलेली असली, तर ती काम करते.

बक्षीस कुणाच्या घरी जाते?

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मुळातच तंदुरुस्त असलेल्याला पैसे कशाबद्दल?

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य योजना आखली आणि सुमारे ४८०० जणांवर तिचा काटेकोर अभ्यास झाला. योजनेत आपणहून उतरलेल्यांचा दवाखान्याचा खर्च इतरांपेक्षा कमी होता. पाहणाऱ्याला वाटेल, योजना यशस्वी. पण चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना केली तेव्हा उलगडले की तो फरक योजनेच्या आधीपासूनचाच होता. निरोगी माणसे योजनेत आली; योजनेने माणसे निरोगी झाली नाहीत. एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणांवरील सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातही असेच झाले. दीड वर्षाने व्यायाम करतो असे सांगणारे वाढले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजनाचा निर्देशांक मात्र जिथल्या तिथे.

हे वाचताना मला परदेशातले काही वाचतो आहे असे वाटले नाही. माझ्या माहितीतल्या एका कार्यालयात पावलांची स्पर्धा झाली होती. पहिले आले ते रोज पहाटे टेकडीवर जाणारे गृहस्थ. ते आधीही जात होते. एकाने मोबाइल नातवाच्या पाळण्याला बांधून पावले जमवल्याची चर्चा महिनाभर रंगली. आणि त्याच इमारतीत दिवसभर स्ट्रेचर ढकलणारा, जिने चढणारा, बादल्या उचलणारा परिचर स्पर्धेत नव्हता. त्याच्याकडे तसा फोन नव्हता. शिवाय तो कंत्राटदाराचा माणूस, आस्थापनेच्या पटावर त्याचे नाव नव्हते. चालणे हा त्याचा प्रश्नच नव्हता. रात्रपाळीत डुलकी लागू नये आणि भूक मरावी म्हणून गालात धरलेला खर्रा हा त्याचा प्रश्न होता. त्यासाठी स्पर्धा नव्हती.

म्हणून मला या योजनांचा सर्वांत मोठा धोका पैसे वाया जाण्यात दिसत नाही. चुकीच्या पद्धतीने आखलेली योजना ज्याच्यापाशी वेळ, फोन, सकाळ मोकळी, घरी स्वयंपाक करणारे कुणी, असे सगळे आहे, त्यालाच आणखी देते. आणि ज्याच्यापाशी यातले काही नाही, त्याला 'तुझ्यात इच्छाशक्ती नाही' असे प्रशस्तिपत्र देते. पुढची पायरी याहून अवघड आहे. अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्याने कंपन्यांना आरोग्याच्या निकषांशी विमा खर्चाचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग जोडण्याची मुभा दिली. तंबाखूच्या बाबतीत ५० टक्क्यांपर्यंत. एकाची सवलत म्हणजे दुसऱ्याचा भुर्दंडच. वजन, साखर, रक्तदाब यांत आनुवंशिकता, बाळंतपण, थायरॉइड, रात्रपाळी असे कितीतरी असते. त्यावर पैसे लावणे म्हणजे आजाऱ्यावर कर बसवण्यासारखे आहे.

जवारीची वाट

या जिल्ह्यातच एक वेगळा विचार झालेला आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्य विम्याची योजना उभी केली, डॉ. उल्हास जाजू यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. हप्ता भरायचा तो जवारीच्या रूपात, सुगीनंतर, आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. जास्त शेती असलेल्याने जास्त द्यायचे, भूमिहीनाने थोडे. गावातली बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गावाला लाभ. ही कर्मचाऱ्यांसाठीची योजना नव्हे आणि सवयी बदलण्यासाठीही नव्हे. पण प्रोत्साहन कसे बांधावे, हे तिच्यात स्पष्ट दिसते. शेजाऱ्याने यावे यात माझा फायदा आहे. मी गरीब असलो तरी माझी पायलीभर जवारी मोजली जाते. आणि लाभ मिळतो तो हक्क म्हणून.

हेच तत्त्व कामाच्या ठिकाणी आणले तर काय होईल? हजेरीपटाच्या बाजूने विचार करणाऱ्या माणसाला जे सुचते ते असे.

एकदाच किंवा वर्षातून एकदा करायच्या गोष्टींना खुशाल बक्षीस द्यावे. तोंडाची तपासणी, रक्तदाब आणि साखरेची तपासणी, हिपॅटायटिस बी ची लस, व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाची पहिली भेट या त्या गोष्टी. इथे डाळीचा किलो चालतो. आपल्याकडे त्याचे उत्तम रूप म्हणजे अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी. रोजंदारीवरच्या माणसाला तपासणी फुकट असूनही ती परवडत नाही, कारण खाडा पडतो.

बक्षीस प्रयत्नाला जोडावे, शरीराच्या मापाला नको. समुपदेशनाला किती वेळा आला हे मोजावे. वजन किती उतरले हे मोजू नये. आणि तपासणीचा कागद डॉक्टर आणि कर्मचारी यांच्यातच राहावा. साहेबांच्या टेबलावर तो गेला, की दुसऱ्या वर्षी तपासणीला कुणी येणार नाही.

पटावरचे आणि कंत्राटी असा भेद नसावा. सफाई कामगार वगळून रुग्णालयाचे आरोग्य, असे काही असू शकत नाही.

बक्षीस एकट्याला न देता पाळीला किंवा विभागाला द्यावे. एका वॉर्डातले सगळे तपासून आले तर त्या वॉर्डाला पाणी थंड करणारे यंत्र, विश्रांतीच्या खोलीत पंखा, सहलीची गाडी, जे त्यांना हवे ते. मात्र इथे जपून पावले टाकावीत. 'तुझ्यामुळे आमचे बक्षीस गेले' हे एखाद्या आजाऱ्याला ऐकावे लागू नये. म्हणून सामूहिक बक्षीस तपासणीसारख्या सर्वांना जमणाऱ्या गोष्टीपुरतेच बरे.

आणि सर्वांत आधी कामाचा दिवस तपासावा. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली, कारण पोटात काही नसलेल्या माणसाला शिस्त शिकवता येत नाही हे तेव्हाही ठाऊक होते. रात्री दोन वाजता गरम भाकरी-भाजी किंवा निदान उपमा मिळतो का? पाळी सलग किती तासांची? बसायला जागा आहे का? टपरीखेरीज उघडे असे दुसरे काय आहे? रात्री जेवण मिळू लागले तर खर्रा लगेच सुटेल, असा दावा मी करणार नाही. त्यातले निकोटिन इतके भोळे नाही. पण भूक आणि झोप ही दोन कारणे कमी केल्याशिवाय देऊ केलेले बक्षीस हे चढाला लागलेल्या बैलाला घुंगरू बांधण्यासारखे आहे.

पोलिसांचे अडीचशे रुपये बंद करावेत असे मला म्हणायचे नाही. त्या भत्त्यामुळे तपासणी होत असेल, तर तेवढ्यापुरता तो कामाचाच आहे. पण त्याला तंदुरुस्तीची किंमत समजू नये. दामाने माणसाला एकदा दारापर्यंत आणता येते. आत काय आहे, यावर तो परत येईल की नाही हे ठरते. एखादी संस्था पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आरोग्य प्रोत्साहनासाठी रक्कम मांडत असेल, तर तिने तिचे दोन भाग करावेत: लहान भाग बक्षिसांना, मोठा भाग रात्रीच्या स्वयंपाकघराला. आणि वर्षअखेरीस किती बक्षिसे वाटली हे न मोजता, ती कुणाकुणाला मिळाली याची यादी काढावी. त्या यादीत रात्रपाळीचा परिचर नसेल, तर योजना पुन्हा आखावी.